कलाविद्यार्थी आणि अध्ययनकरार

आमच्या मध्यमवर्गीय घरांपैकीं पुष्कळ घरांत एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या चित्रकलेच्या दोन परीक्षांचीं प्रमाणपत्रें कोठें ना कोठें जपून ठेवलेलीं आढळतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन अशा ठराविक विषयांचे कागद ठराविक तासांत रंगवून दिले, कीं परीक्षक श्रेणी देणार. आणि ती श्रेणी घरीं आली, कीं मुलाच्या हातांत कला आहे कीं नाहीं, हें कायमचें ठरणार! ह्या व्यवस्थेंत काय काढावयाचें, किती वेळांत काढावयाचें, आणि त्याचा बरेवाईटपणा कोणत्या कसोटीवर ठरवावयाचा, ह्यांपैकीं एकाही गोष्टीविषयीं काढणाऱ्यास विचारण्याची चाल नाहीं. शाळकरी मुलाच्या बाबतींत हें एक वेळ चालून जाईल. परंतु जो तरुण कला हेंच आपलें आयुष्याचें काम समजून कलामहाविद्यालयांत चार वर्षें घालवितो, त्यासही शेवटपर्यंत असेंच न विचारतां शिकवावें काय? ह्या प्रश्नाचें एक उत्तर म्हणून पाश्चात्त्य शिक्षणशास्त्रांत 'अध्ययनकरार' ही कल्पना पुढें आली आहे. सन १८५७ पासून चालत आलेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेस २०२३ सालीं अभिमत विद्यापीठाचा मार्ग मोकळा झाला, म्हणजे आपल्या अभ्यासाचे नियम आपणच लिहिण्याची संधि महाराष्ट्रांतील कलाशिक्षणास मिळूं लागली आहे. अशा वेळीं ह्या कल्पनेची नीट परीक्षा होणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

कल्पना मुळांत फार जुनी नव्हे व अगदीं नवीही नव्हे. हेलन पार्कहर्स्ट ह्या अमेरिकन शिक्षिकेच्या डाल्टन-पद्धतींत विद्यार्थी महिन्याचें काम करारानें अंगावर घेत असे. त्या पद्धतीवरील तिचें पुस्तक १९२२ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें उच्चशिक्षणांत, न्यूयॉर्क संस्थानांतील एम्पायर स्टेट कॉलेज ह्या १९७१ सालीं निघालेल्या संस्थेनें करार हाच अभ्यासक्रमाचा पाया धरिला, व लंडनच्या पूर्व भागांतील एका पॉलिटेक्निकानें १९७४ सालीं स्वतंत्र अध्ययनाचा एक वेगळा विभागच उघडला. ह्या सर्व खटपटींस शास्त्राचें रूप दिलें तें माल्कम नोल्स ह्यांनीं. त्यांनीं १९७५ सालीं स्वयंप्रेरित अध्ययनावर व १९८६ सालीं केवळ अध्ययनकरारावर पुस्तक लिहिलें. त्यांची रीत थोडक्यांत अशी: विद्यार्थ्यानें प्रथम आपली गरज ओळखावी, नंतर उद्दिष्ट लिहावें, तें साधण्याचीं साधनें व मार्ग लिहावे, शिकल्याचा पुरावा काय दाखविणार तें लिहावें, आणि तो पुरावा कोणी, कोणत्या कसोटीनें तपासावा तेंही लिहावें. हा मसुदा शिक्षकांस व सोबत्यांस दाखवावा, त्यांच्या सूचनांप्रमाणें दुरुस्त करावा, आणि मग मुदतींत पार पाडावा.

गुण आधीं सांगणें हें परीक्षकाचें कर्तव्य होय. कलाशाळेंतील गुणदान हा नेहमींच कुरकुरीचा विषय असतो. भिंतीवर कामें टांगावीं, शिक्षकांनीं समोरून फिरत जावें, एकापाशीं थांबून "बरें आहे" म्हणावें, दुसऱ्यापाशीं थांबूं नये. आणि न थांबण्याचें कारण त्या दुसऱ्यास कधींच कळूं नये, हा प्रकार कोणत्याही कलाशाळेंत शिकलेल्यांस नवीन नाहीं. ज्याच्या घरीं चित्रांविषयीं बोलणें होतें, ज्याचें प्रदर्शनांस जाणें-येणें आहे, त्यास तें मौन वाचतां येतें. ज्याच्या घरीं हें कांहीं नाहीं, तो आपल्या चुकीचें नांवही न कळतां मागें पडतो. कसोटी आधीं लिहून ठेवण्याचा खरा लाभ ह्या दुसऱ्यास होतो. बोलण्यावांचून समजणाऱ्या गोष्टी ज्यांस समजत नाहींत, त्यांचा लेखी शब्द हाच आधार असतो. एवढ्या एका गोष्टीसाठीं सुद्धां ही कल्पना हंसण्यावारीं नेण्याजोगी नाहीं.

परंतु हाच जो दूरचा विद्यार्थी, त्याच्या हातांत करारपत्राचा कोरा कागद दिला असतां काय होतें, तें आपण पाहूं. नंदुरबार जिल्ह्यांत, अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्याच्या रांगांत काठी नांवाचें भिल्लांचें गांव आहे. इंग्रजी अमदानींत खानदेशांत जीं मेहवासी संस्थानें म्हणून ओळखलीं जात, त्यांपैकीं हें एक होतें. आजही तेथील होळी 'राजवाडी होळी' म्हणूनच प्रसिद्ध आहे, व तिचा आरंभ परंपरेनें तेराव्या शतकापर्यंत मागें नेला जातो. रात्रभर ढोल वाजतात, नाच चालतो, आणि उंच बांबूची होळी पहांटेस पेटते. त्या नाचांत जे बुध्या होतात, ते बांबूच्या कामट्यांचा उंच टोप रचून मोरपिसांनीं सजवितात, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची व रेघांची नक्षी काढतात, कमरेस सुकलेले भोपळे व घुंगरू बांधतात. रात्रभर नाचून तो टोप ढळत नाहीं! वजनाचा तोल, नादाचा मेळ, आणि हलत्या शरीरावर उठून दिसेल असें रेखन, ह्या तिन्ही गोष्टी संकल्पनशास्त्राच्या वर्गांत मोठ्या नांवांनीं शिकविल्या जातात. आतां समजा, हे टोप बांधीत वाढलेला एक मुलगा प्रवेशपरीक्षा देऊन मुंबईस आला. करारपत्राचा पहिला प्रश्न त्यास विचारतो, "तुला काय येत नाहीं?" तो प्रामाणिकपणें लिहितो: यथार्थदर्शन, तैलरंग, शरीररचना. त्यानें लिहिलेलें प्रत्येक अक्षर खरें आहे, आणि तरीही तो कागद खोटा आहे; कारण त्यास जें येतें, त्यास त्या कागदावर जागाच नाहीं.

नोल्स ह्यांच्या पद्धतींतील पहिला दोष आम्हांस येथें दिसतो. त्यांच्या मतें गरज म्हणजे अपेक्षित पात्रता आणि आजची पात्रता ह्यांमधील अंतर. पण ती अपेक्षित पात्रता कोणी ठरविली? जो धंदा, जी संस्था, जें शहर त्या विद्यार्थ्यास ओळखत नाहीं, त्यांनीं. स्वतःच्या शिक्षणाचा तो स्वतः धनी, असें म्हणावयाचें, आणि त्यानें पहिलें काम करावयाचें तें आपल्या उणिवांची याद! ह्याच्या उलट एक उदाहरण आमच्या डोळ्यांपुढें आहे. भोपाळचें भारत भवन १९८२ सालीं उघडलें. त्याच्या उभारणीच्या काळांत झाबुआकडील भूरीबाई ही भिल्ल स्त्री तेथें मजुरी करीत होती. चित्रकार जगदीश स्वामिनाथन ह्यांनीं तिच्या हातीं कागद व रंग दिले, आणि ती आपल्या घरीं जें काढीत असे तेंच काढावयास सांगितलें. त्या बाईंस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. स्वामिनाथनांनीं तिला काय येत नाहीं हें विचारलें असतें, तर उत्तर मिळालें असतें. चित्र मात्र मिळालें नसतें.

दुसरा दोष पुराव्याविषयींचा आहे. उद्दिष्ट आधीं लिहिलें व पुरावा आधीं ठरविला, कीं शहाणा विद्यार्थी जें आपणांस आजच साधतें तेंच उद्दिष्ट म्हणून लिहिणार, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. आणि खरा विद्यार्थी? त्यास काम हातीं घेतल्यावर कळतें, कीं आपण शोधूं लागलों एक व सांपडूं लागलें दुसरेंच. ह्या मुंबईच्या कलाशाळेच्या इतिहासांतच ह्याचा एक मोठा दाखला आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिल ह्यांनीं केलेल्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जळाल्या. तेव्हां जॉन ग्रिफिथ्स ह्यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन नव्यानें नकला करविल्या. उद्दिष्ट स्पष्ट होतें, मुदत होती, पुरावाही मोजतां येण्याजोगा होता. तो पुरावा दक्षिण केन्सिंग्टनच्या संग्रहालयांत पाठविला गेला. आणि १८८५ सालीं तेथेंही आग लागून त्यांतील पुष्कळ नकला नष्ट झाल्या. करारपत्राच्या भाषेंत बोलावयाचें तर पुराव्याचा रकानाच जळाला! म्हणून त्या विद्यार्थ्यांचें शिक्षण जळालें काय? पेस्तनजी बोमनजी हे त्या मंडळींतलेच. पुढें ते व्यक्तिचित्रकार म्हणून नांवारूपास आले. अजिंठ्याच्या ओलसर अंधारांत त्या मुलांच्या हातांत जी रेषा उतरली, ती कोणत्याही उद्दिष्टांत लिहिलेली नव्हती, आणि तीच काय ती वांचली.

तिसरा दोष खुद्द 'करार' ह्या शब्दांतच आहे, आणि काठीच्या मुलाच्या दृष्टीनें तोच सर्वांत मोठा. शहरांतील सुशिक्षितास करार म्हटला, कीं दोन सारख्या योग्यतेच्या माणसांचें राजीखुषीचें वचन आठवतें. खानदेशांतील भिल्लाच्या आठवणी निराळ्या आहेत. त्याच्या आज्याचा आंगठा साहुकाराच्या खतावर उठलेला असतो. त्या मुलुखांत आखाजीला सालदार ठरतात. एका वर्षाची मेहनत, त्याबद्दल ठरलेली रक्कम व धान्य, आणि त्यांतील कांहीं भाग आगाऊ उचल म्हणून हातावर. बोली चारचौघांत होते, मुदत ठरलेली असते, दोन्ही पक्ष मान डोलावतात. करारास लागणारें सर्व कांहीं तेथें आहे, एक मोकळीक तेवढी नाहीं. ज्याच्या अंगावर उचल आहे त्याच्या राजीखुषीस काय अर्थ? शहाद्याकडे १९७२ सालीं श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हां हातच्या गेलेल्या जमिनींबरोबर सालदारांचा प्रश्नही पुढें आला, तो उगीच नव्हे. आतां कलाशाळेकडे वळूं. ज्या मुलाचें वसतिगृह व शिष्यवृत्ति वर्षाच्या निकालावर टांगलेली आहे, तो शिक्षकांसमोर बसून करारपत्र लिहितो, तेव्हां शिक्षकांच्या एका भुंवईच्या हालचालीनें त्याचें उद्दिष्ट बदलतें. खालीं सही त्याची असते. पुढें काम बिघडलें, तर दोष शिक्षणाचा नव्हे, संस्थेचा नव्हे, "तूंच लिहून दिलें होतेंस!" पूर्वीची परीक्षा निदान आपला अन्याय आपल्या नांवानें करीत असे. हा करार तो विद्यार्थ्याच्या सहीनें करील, अशी आम्हांस भीति वाटते.

नोल्स ह्यांस न्याय देण्यासाठीं येथें सांगितलें पाहिजे, कीं करार वाटेंत बदलतां यावा, असें तेही म्हणतात. त्यांच्या मनांतील शिक्षक हा सल्लागार आहे, सावकार नव्हे. परंतु पुस्तकांतील करार आणि कार्यालयांतील करार ह्यांत फरक पडतो. जेथें प्रत्येक सत्राचे श्रेयांक ठरलेल्या तारखेस नोंदवावे लागतात, तेथें 'बदलतां यावा' ही अट प्रथम गळून पडते व मुदतीची तेवढी शिल्लक राहते.

मग बंधन नकोच काय? असें आमचें म्हणणें नाहीं. बंधनावांचून कला शिकल्याचें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. प्रश्न एवढाच आहे, कीं बांधून घ्यावयाचें कशास? ह्याचें उत्तर आम्हांस पुन्हां काठीच्या होळींत सांपडतें. तेथें बुध्या, बावा, मोरख्या होणारे लोक होळीपूर्वीं कांहीं दिवस 'पालनी' पाळतात. जमिनीवर निजावें, ब्रह्मचर्यानें राहावें, खाण्यापिण्याचे व वागण्याचे निर्बंध सांभाळावे, असें तें व्रत असतें. आपण कसें नाचणार, टोप किती सुंदर होणार, पाहणारे किती प्रसन्न होणार, ह्याचें वचन कोणीही कोणास देत नाहीं. वचन आहे तें वागण्याचें. फळाचें नाहीं. आणि तें वचन वरच्या अधिकाऱ्याशीं केलेलें नसून सर्वांच्या देखत स्वतःच स्वतःवर घातलेलें असतें. कलेच्या विद्यार्थ्यानें बांधून घ्यावयाचें तें असें. मी रोज इतके तास मातीशीं बसेन. ह्या तीन महिन्यांत कोळशावांचून दुसरें साधन घेणार नाहीं. बिघडलेलें काम फाडून न टाकतां सर्वांस दाखवीन. इतक्या वेळां रेखाटल्यावांचून रंगास हात लावणार नाहीं: हें वचन पाळलें कीं मोडलें तें स्पष्ट कळतें, आणि तरीही काय निष्पन्न होणार तें मोकळें राहतें.

तपासणीविषयींही त्या बाजूस एक शिकण्याजोगी रीत आहे. काठीच्या उत्तरेस, नर्मदेपलीकडे छोटा उदेपूरकडे राठवा लोक पिठोरा लिहितात. घरधनी देवास नवस बोलतो, व नवस फेडतांना लखारा भिंतीवर पिठोऱ्याचे घोडे व इतर आकृति लिहितो. चित्र पुरें झाल्यावर बडवा अंगांत आलेल्या अवस्थेंत एकेक आकृति सर्वांसमक्ष ओळखून पाहतो; कांहीं राहिलें असलें तर तें तेथल्या तेथें लिहून पुरें केलें जातें. म्हणजे तपासणी आहे, कसोटी आहे, ती सर्वांस ठाऊक आहे, उघड्यावर होते. आणि उणीव निघाली तर ती भरून काढतात, लखाऱ्यास नापास करीत नाहींत. आमच्या महाविद्यालयांतील परीक्षकांनीं ह्यावर थोडा विचार करावा.

ह्याचा अर्थ पालनी किंवा पिठोरा उचलून कलाशाळेंत आणावा, असा कोणी करूं नये. व्रतास स्वतःचे दोष आहेत. नवी आकृति लिहिण्याची मोकळीक त्यांत थोडी. पिठोरा लिहिणें परंपरेनें पुरुषांकडेच, आणि आमच्या कलाशाळांत तर आज मुलीही शिकतात. ज्या गोष्टीस एका समाजाची श्रद्धा आधार देते, ती श्रद्धेवांचून दुसरीकडे नेली तर नुसता देखावा उरतो. आम्ही काठीकडून घेऊं इच्छितों तो एक विवेक: वागण्याचें बंधन आणि फळाचें बंधन ह्यांतील.

येथें चित्रकार आणि संकल्पक ह्यांत भेद केला पाहिजे. जो विद्यार्थी उद्यां पुस्तकाचें मुखपृष्ठ, पाण्याची बाटली किंवा रेल्वेस्थानकाच्या पाट्या आंखणार, त्याच्या धंद्यांत गिऱ्हाइकाशीं मुदत, खर्च व उपयोग ठरवून घेणें हा कामाचाच भाग आहे. त्यास करार लिहावयास शिकविणें हें त्याच्या शिक्षणाचें अंगच होय. तरी तेथेंही घाई नको. चार्ल्स व रे ईम्स ह्या दांपत्यानें १९५८ सालीं भारत सरकारास जो अहवाल दिला, व ज्यांतून पुढें १९६१ सालीं अहमदाबादची राष्ट्रीय संकल्पनसंस्था निघाली, त्यांत आपल्या साध्या लोट्याचें मोठें कौतुक आहे. लोटा धरावा कसा, डोक्यावर किंवा कमरेवर न्यावा कसा, ओतावा कसा, घांसावा कसा, असे प्रश्न त्यांनीं एकामागून एक मांडले, आणि हा आकार कोणा एका माणसानें ठरविलेला नव्हे, हेंही सांगितलें. चांगल्या संकल्पकाच्या करारांत उत्तरांपेक्षां असे प्रश्न अधिक असावे.

एकूण आमचें मत असें पडतें. अध्ययनकरार टाकाऊ नाहीं; पण तो आहे तसा घेण्याजोगाही नाहीं. घ्यावयाचा तर त्यांत चार फेरफार व्हावे. पहिला, कागदाच्या आरंभीं "मी काय घेऊन आलों" ह्यास जागा असावी, गरज मागाहून. दुसरा, बंधन कामाच्या वागणुकीवर असावें, निष्पत्तीवर नसावें. उद्दिष्ट पेन्सिलीनें लिहावें, व्रत शाईनें. तिसरा, सही एकाची नसावी: विद्यार्थी तास देणार, तर शिक्षकांनीं आपला किती वेळ, संस्थेनें कोणतें साहित्य व किती जागा देणार, हें त्याच कागदावर लिहून द्यावें, आणि तें न दिल्यास विद्यार्थ्यास बोलण्याचा हक्क असावा. ज्या करारांत एकाच पक्षाकडून येणें निघतें, तो सालदारीचाच होय. चौथा, तपासणी सोबत्यांच्या देखत व्हावी, आणि उणें निघेल तें भरून काढण्यास मुदत मिळावी. नुसती श्रेणी लिहून कागद मिटूं नये.

ह्या फेरफारांनंतर त्यास करार म्हणावें कीं दुसरें कांहीं, ह्याचा आग्रह आम्ही धरीत नाहीं. पण जे लोक आतां नवे नियम लिहावयास बसले आहेत, त्यांस आमची एक विनंती आहे. आपला मसुदा त्यांनीं छापण्यापूर्वीं एकदां मनांतल्या मनांत त्या काठीच्या मुलाच्या हातीं द्यावा. तो वाचून त्यास साहुकाराचें खत आठवलें, तर मसुदा पुन्हां लिहावा. होळीपूर्वींची पालनी आठवली, तर खुशाल सही मागावी. ती तो आनंदानें देईल, आणि दिलेली पाळीलही.